वीस किलोंचा फरक

९ फेब्रुवारी

दादा,

शाळेत शिकवलेला मायना आधी लिहिला होता, मग तो कागद फाडला. तुला तो वाचायला अर्धा तास लागला असता आणि त्यात सांगण्यासारखं काही नसतं. अक्षर मोठं काढलंय. ओळीखाली बोट ठेवून वाच. जोडाक्षर अडलं तर सोडून पुढे जा, अर्थ लागतो.

आई बरी आहे. तू ठेवून गेलेला शर्ट तिने दोनदा धुतला, मध्ये कुणी अंगात घातला नसताना. तू न सांगता गेलास आणि मग नुसता बंदराचा पत्ता कळवलास, त्याबद्दल बोलत नाही. फक्त विचारते, पोरगा नीट खातो का, अंगाला काही लागलं का. तर तुझं वजन किती आहे ते कळव. तिथे बंदरावर ट्रकांचा काटा असेलच, त्यावर उभा राहा. आईसाठी विचारतेय.

इथलं सांगते. तू गेलास तेव्हा सगळे मुकादमाच्या मरणाला अपघात म्हणत होते. जुन्या खाणीच्या वळणावर पिकअपमधून उतरताना पाय घसरला, डोकं दगडावर आपटलं, असं. आता तसं म्हणत नाहीत. तपासाला नवे साहेब आलेत. त्यांनी पिकअपचं दार उघडलं, सीटवर बसून बघितलं आणि म्हणाले, "हा माणूस इथे मावतच नाही." सीट पार पुढे ओढलेली होती. मुकादमाचं पोट तुला माहीत आहे. म्हणजे शेवटी पिकअप चालवली ती दुसऱ्याच कुणीतरी, आणि तो बारीक होता.

वेल्डरदादांना धरून नेलंय. मुकादमाशी त्यांचं आदल्या दिवशी भांडण झालं होतं, ते दहा जणांनी ऐकलं. तो मेला त्या गुरुवारी दुपारी एक ते दोन ते कुठे होते हे सांगणारं कुणी नाही. दोनला ते खडी वाहणाऱ्या पट्ट्याच्या जोडकामाला आले आणि मग सहापर्यंत सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होते. मुकादमाला दीडनंतर कुणी पाहिलं नाही आणि सहाच्या आत तो वळणावर मेलेला सापडला. म्हणून साहेब म्हणतात, झालं ते दीड ते दोनमध्ये.

तुझंही नाव निघालं होतं. तूही बारीक, आणि तीन दिवसांनी निघून गेलास. साहेबांनी मला विचारलं. मी ट्रक तोलायच्या माझ्या काट्याचं पुस्तक दाखवलं. दुपारी दोन वाजून दहा मिनिटं, तुझी गाडी, रिकामी, खूण 'चालकासह' या चौकटीत. दीडला खालच्या डेपोत पोचल्याची आणि दोनला तिथून निघाल्याची नोंदही आहे. "चालक म्हणजे तुमचा भाऊच ना? बघितलंत?" मी हो म्हणाले. ते म्हणाले, "तुम्ही शिकलेल्या आहात, नोंद नीट ठेवता, तुमचा शब्द धरतो." म्हणजे तू यातून सुटलास. काळजी करू नकोस.

वजन कळव.

१५ फेब्रुवारी

दादा,

हे पत्र कुणाकडून वाचून घेऊ नकोस. वेळ लागला तरी चालेल, दोन दिवस लागू देत, पण तूच वाच.

वेल्डरदादांची बायको काल काट्यावर आली होती. डबा घेऊन ठाण्यावर निघाली होती, वाटेत थांबली. केबिनच्या पायरीवर बसली आणि माझ्या पेनाकडे बघत राहिली.

"याच पेनाने खूण केलीस का गं?"

"कसली?"

"तुझ्या भावाची. साहेब म्हणाले मला, काट्यावरच्या मुलीची खूण आहे म्हणून तो बाहेर. म्हटलं बघावं तरी कसलं पेन आहे. आमच्याकडे असलं एखादं असतं तर आमचाही माणूस घरी जेवला असता."

मी म्हटलं, "वहिनी, मी जे झालं तेच लिहिलं."

"लिहिलं असशील. आम्हाला कुठे वाचता येतं?" तिने डब्याचं झाकण दाबून घट्ट केलं. "त्यांना चारचाकी येत नाही हे सांगून माझा घसा बसला. दुचाकीसुद्धा उतारावर ढकलत नेणारा माणूस तो. साहेब म्हणतात, सगळे असंच म्हणतात." मग उठली आणि जाता जाता दाराच्या कडीवर बोट आपटलं. "ही बरी बसवलीय. याच कडीपायी आत गेलेत."

ती गेल्यावर मला काम सुचलं नाही. एका डंपरचं वजन दोनदा लिहिलं.

दादा, मी बघितलं नव्हतं.

काट्यावर कसं चालतं ते तुला माहीत आहे, तरी लिहिते, म्हणजे मी स्वतःला फसवत नाही ना ते मला कळेल. गाडी काट्यावर आली की मी आत आकडा बघते. चालक आत बसलेला असेल तर 'चालकासह' खूण, उतरलेला असेल तर 'चालकाविना'. भरलेली गाडी परत येते तेव्हाही तसंच असावं लागतं, नाहीतर खडीच्या वजनात माणसाचं वजन मिसळतं. तुम्ही सगळे आत बसूनच वजन करता. मग खिडकीखालच्या फटीतून मी पावती बाहेर सरकवते आणि तू गाडीतूनच हात लांब करून घेतोस. केबिन उंचावर आहे म्हणून ते जमतं. आपल्या दोघांत एक हात अंतर असतं.

आणि खिडकीला पुठ्ठा. दुपारी एक ते तीन मी खिडकीला आतून पुठ्ठा लावून बसायचे. ऊन येतं म्हणून, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं.

गुरुवारी तो लावलेला होता. मी आकडा बघितला, खूण केली, पावती सरकवली. गाडी तुझी, वेळ तुझी, म्हणून चालक तू. मी खोटं बोलले असं मला तेव्हा वाटलंच नाही. रोज तूच असतोस.

तूच होतास ना?

२२ फेब्रुवारी

दादा,

उत्तर नाही. कदाचित लिहायला बसला असशील आणि अडला असशील. तू चौथीत शाळा सोडलीस म्हणून मी पुढे गेले, हे मी विसरलेले नाही. अक्षरं चुकली तरी चालतील.

मी जुनी पुस्तकं काढून बसले होते. माझ्याकडे प्रत्येक पावतीची कार्बन प्रत असते. तुझ्या गाडीच्या तिसऱ्या खेपेच्या, म्हणजे दोनच्या सुमाराच्या, रिकाम्या वजनाच्या सगळ्या नोंदी गेल्या सहा महिन्यांच्या काढल्या. डिझेल तू रोज सकाळी भरतोस, म्हणजे तिसऱ्या खेपेला टाकीत साधारण तेवढंच उरतं. गाडी नुसती नऊ हजार साठ. तू धरून नऊ हजार एकशे वीस. सहा महिने हाच आकडा, आजारी होतास तो आठवडा सोडून.

त्या गुरुवारी नऊ हजार एकशे चाळीस.

वीस किलो. आपला काटा वीस-वीसनेच पुढे सरकतो, मधलं काही दाखवत नाही. म्हणजे फरक खरा वीसचा असेल, नाहीतर एक किलोचासुद्धा असेल, काठावरचा. मी हे कागदावर मांडून बघितलं, खोडलं, परत मांडलं. टाकीत वीस-पंचवीस लिटर जास्त असेल. सीटमागे जॅक ठेवला असशील. चाकांत चिखल असेल, पण पाऊस नव्हता. ओली ताडपत्री? ताडपत्री त्या दिवशी आमच्या शेडवर वाळत होती, मला आठवतं. की नव्हती? बुधवारी होती. गुरुवारी असावी.

मग ते आठवलं. गेल्या वर्षी काटा तपासायला माणूस आला होता तेव्हा तुम्ही सगळे गंमत म्हणून एकेक करून काट्यावर उभे राहिला होतात. तू साठ. वेल्डरदादा साठ. ते म्हणाले होते, "लिहून ठेव, माझं भंगारातही काही येणार नाही." मुकादम उभा राहिला तर ऐंशी. तू म्हणालास, "यातले वीस नुसत्या तोऱ्याचे." सगळे हसले. तो हसला नाही.

तू वर्षात वीस किलो वाढला असलास तर सगळं सुटतं. मी तुला रोज बघत होते, तू वाढला नव्हतास. पण रोज बघणाऱ्याला कळत नाही म्हणतात. म्हणून वजन विचारलं होतं. आईने विचारलं हेही खरं आहे, पण मी त्यासाठी विचारलं नव्हतं.

समजा (मी फक्त समजा म्हणतेय), त्याच्या पिकअपचा क्लच घसरत होता. तुझा कान चांगला, गाडीच्या आवाजावरून तू दुखणं सांगतोस. समजा तो तुला डेपोच्या पुढे वाटेत भेटला आणि म्हणाला, तू पिकअप घे आणि बघ काय होतंय, तुझी गाडी मी वर आणतो. तर ट्रकमध्ये जाड माणूस आणि पिकअपमध्ये बारीक माणूस. सीट पुढे, आकडा वर. दोन्ही जुळतात. आणि तो दोन दहाला जिवंत होता, म्हणजे तेव्हा पट्ट्यावर सगळ्यांसमोर उभ्या असलेल्या वेल्डरदादांनी काही केलं असणं शक्यच नाही.

पण मग तुझ्याबद्दल काय ते मला लिहिता येत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. मुकादम सगळ्यांच्या पावत्या संध्याकाळी सहाला गोळा करायचा. त्या दिवशी तो नव्हता म्हणून तुम्ही त्या थेट मालकाकडे दिल्यात. मी मालकाकडची चळत माझ्या प्रतींशी ताडून पाहिली. तुझ्या सगळ्या आहेत. दोन दहाची नाही.

ती तू कुठे ठेवलीस?

३ मार्च

दादा,

मागची तीन पत्रं मी नुसते प्रश्न विचारण्यात घालवली. आज मी सांगते, म्हणजे तुलाही सांगायला सोपं जाईल. की अवघड जाईल, माहीत नाही.

डिसेंबरात मी तुला म्हटलं होतं, केबिनच्या दाराला आतून कडी हवी. तू विचारलंस, कशाला? मी म्हटलं, वाऱ्याने दार आपटतं. तू माझ्याकडे जरा वेळ बघितलंस आणि वेल्डरदादांना घेऊन आलास. त्यांनी काही विचारलं नाही. फक्त म्हणाले, "वारा मोठा दिसतोय, दुहेरी बसवतो."

मुकादम जेवणाच्या सुट्टीत पावत्या बघायला म्हणून आत यायचा आणि दार लोटून घ्यायचा. त्यापुढे मी लिहीत नाही. फार काही झालं नव्हतं. फार काही होऊ नये म्हणून मी खुर्ची दाराच्या बाजूला ठेवायला लागले, मग पुठ्ठा, मग कडी. कुणाला सांगितलं असतं तर म्हणाले असते, आणखी शिकवा मुलींना, पाठवा कामाला. आपल्या घरातली मीच पहिली. मला वाटलं, माझ्यामुळे पुढच्या कुणाचं दप्तर बंद व्हायला नको.

बुधवारी त्याने वेल्डरदादांना सगळ्यांसमोर विचारलं, "माझ्या परवानगीवाचून कडी कुणी बसवायला सांगितली?" ते म्हणाले, "दाराने." लोक हसले. मग मुकादमाने त्यांची कॉलर धरली. हेच ते भांडण. साहेबांनी विचारलं तेव्हा वेल्डरदादांनी एवढंच सांगितलं की कामावरून बोलाचाली झाली. कडी कुणासाठी, का, ते सांगितलं नाही. ते माझ्यासाठी गप्प आहेत, दादा. आणि मी तुझ्यासाठी हो म्हणाले.

आणि एक. रोज पावती घेताना तू "बरं का गं" म्हणतोस. गुरुवारी दोन दहाला कुणी काही बोललं नाही. मी पावती सरकवली तर ती पलीकडून धरली, पण ओढली नाही. एक टोक माझ्या हातात, एक तिकडे. मी दहापर्यंत मोजलं असेल. मला वाटलं, तू चिडवतोयस. मी म्हटलं, "दादा, सोड ना." मग ओढून घेतली. गाडी गेली.

मला तेव्हाच अंगावर काटा आला होता. का ते मी आजपर्यंत स्वतःला विचारलं नव्हतं.

आता तू सांग. तू त्या दिवशी कुठे होतास? तो पडला का? तू ढकललंस का? की तू पिकअप वळणावर लावून चालत आलास आणि पुढचं तुलाही माहीत नाही? मला काहीही चालेल असं मी म्हणणार नाही, ते खरं नाही. पण न कळणं मला जमत नाही. मी भाजी चिरते आणि मध्येच थांबते. आई म्हणते, "शिकून शिकून डोकं फिरलं पोरीचं." मी म्हणते, हो.

१४ मार्च

दादा,

तुझं पाकीट सोमवारी आलं. पत्ता कुणा दुसऱ्याच्या हातचा आहे, आतलं तुझं आहे.

बंदरावरच्या काट्याची पावती. गाडी क्रमांकाच्या जागी रेघ. वजन साठ किलो. तिथल्या काटेवाल्याने तुला काय म्हटलं असेल, नुसता माणूस तोलायला उभा राहिलास म्हणून, ते मला ऐकू आलं. आणि मागे, पेन्सिलने, दर अक्षर वेगळं: तू बघितलं नव्हतं. तसंच सांग.

म्हणजे तुला ठाऊक होतं. मी पुठ्ठ्याआडून खूण करते हे तुला पहिल्यापासून ठाऊक होतं.

मंगळवारी सुट्टी टाकून ठाण्यावर गेले. माझी पुस्तकं पिशवीत घेतली. साहेब चहा पीत होते.

"साहेब, माझी खूण चुकलीय."

"कसली खूण?"

"चालकासहची. चालक होता. पण कोण होता ते मी बघितलं नाही."

त्यांनी कप खाली ठेवला. "मग तेव्हा हो का म्हणालात?"

"रोज तोच असतो म्हणून."

"बाई, सूर्य रोज उगवतो. तरी पंचनाम्यात आम्ही उजेड होता की नाही ते बघून लिहितो."

मी पुस्तकं उघडली आणि एकशे वीस, एकशे चाळीस, सगळं दाखवलं. त्यांनी बराच वेळ आकडे बघितले आणि म्हणाले, "वीस किलोवर मी कुणाला आत टाकू शकत नाही आणि कुणाला सोडूही शकत नाही." मग मी कडीचं सांगितलं. पुठ्ठ्याचं सांगितलं. त्यांनी लिहिणं थांबवलं, खोलीतल्या शिपायाला बाहेर पाठवलं आणि मग परत लिहायला घेतलं. शेवटी मी म्हटलं, "त्या दोन दहाची मूळ पावती कुठेच नाही. ती ज्याने घेतली त्याच्याकडेच असणार."

ते उठले आणि आतून सीलबंद पुडकं मागवलं. मुकादमाच्या खिशातल्या वस्तू. पाकीट, कंगवा, आणि पावत्यांची घडी. ती कुणी उलगडलीच नव्हती. मुकादमाच्या खिशात पावत्या असणारच, आदल्या दिवसांच्या असतील, असं सगळ्यांनी धरलं होतं. मीही धरलं असतं. त्यांनी दोघा पंचांना बोलावलं, त्यांच्यासमोर सील फोडलं आणि एकेक टेबलावर मांडली. बुधवार, बुधवार, बुधवार. आठवी गुरुवारची होती. दोन दहा. तुझी गाडी. एका कोपऱ्यावर दुमडल्याची खूण, मी धरून ठेवली होती तिथे.

"दोन दहाला हा जिवंत होता," साहेब स्वतःशीच म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "तुमच्या भावाने ती त्याला नंतर दिली असेल, किंवा गाडीत हाच असेल. दोन्हीकडून एकच निघतं. वेल्डर नाही."

"आणि भाऊ?"

"भावाचा पत्ता द्या."

मी दिला, दादा. तुझी पावतीही दिली, मागच्या अक्षरांसकट. त्यांनी ती वाचली आणि विचारलं, "किती शिकलाय?" मी म्हटलं, चौथी. "अक्षर बरं आहे," म्हणाले. मला तिथे रडू आलं, का ते त्यांना कळलं नाही.

वेल्डरदादा काल सुटले. संध्याकाळी काट्यावरून चालत गेले. मी बाहेर येऊन उभी राहिले. त्यांनी कडी हलवून बघितली. "सैल झालीय थोडी," म्हणाले, "उद्या येतो." वहिनी मागे होती. माझ्या हातातल्या पेनाकडे तिने या वेळी बघितलं नाही.

साहेबांनी शेवटी विचारलं होतं, "आणखी काही सांगायचंय?" मी नाही म्हणाले. ते मात्र पूर्ण खरं नाही, आणि तुला कळावं म्हणून लिहिते.

दोन पन्नासला तुझी भरलेली गाडी परत काट्यावर आली. या खेपेला तू होतास. मी बघितलं नाही, पण ऐकलं. पावती घेताना तू "बरं का गं" म्हणाला नाहीस. तू म्हणालास, "पुठ्ठा काढून टाक. उकडत असेल." मी काढला. तोवर तू गाडी पुढे घेतली होतीस, मला फक्त मागचा फाळका दिसला.

हे वाक्य मी रोज उलटसुलट करून बघते. कधी ते नुसतं उन्हाबद्दल असतं. कधी त्यात सगळं असतं. मी जे बघितलं नाही ते सांगून झालं. हे मी ऐकलंय, पण ते तुझं आहे आणि त्याचा अर्थ तुलाच ठाऊक आहे. मी ते सांगितलं तर माझा अर्थ त्याला चिकटेल, आणि माझा अर्थ रोज बदलतो. साहेबांची माणसं पत्र पोचायच्या आत आली तर त्यांच्याबरोबर ये. नाही आली तर तू आपण होऊन ये आणि ते वाक्य तूच सांग. तू महिनाअखेरपर्यंत आला नाहीस तर मला जाऊन सांगावं लागेल. मी धमकी देत नाही. मी मला ओळखते, तूही ओळखतोस.

आईला अजून काही सांगितलेलं नाही. तिला म्हटलं, दादाचं वजन साठच आहे. ती म्हणाली, "बघ, म्हटलं होतं ना, खात नसेल."

पुठ्ठा मी परत लावलेला नाही. दुपारभर ऊन थेट आकड्यांवर येतं आणि नीट दिसत नाहीत, तरी दर गाडीला आधी उठून चालकाचा चेहरा बघते आणि मगच खूण करते. लोक हॉर्न वाजवतात, चिडतात. एकाने विचारलं, "काय ताई, ओळखत नाही का आम्हाला?"

मी म्हटलं, ओळखते. तरी बघू दे.